शंभर की एकशे एक

१

बसवंत टाकीत उतरला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याला वर आणलं तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि श्वास थांबला होता.

आनेकलजवळच्या त्या कारखान्यात धातूच्या वस्तूंना मुलामा देतात. मुलाम्याच्या टाक्या दर शनिवारी रिकाम्या करायच्या आणि माणसं आत उतरवून खरवडून घ्यायच्या, अशी तिथली पद्धत. त्या शनिवारी दोघं उतरले होते. आत उग्र वास सुटला. एक जण शिडीवरून वर पळाला. बसवंत चौथ्या पायरीपर्यंत आला आणि तिथून खाली पडला. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं की याची फुप्फुसं आधीपासूनच निम्मी निकामी होती. मास्क लावून शिडी चढणं याच्या ताकदीबाहेरचं होतं.

पण बसवंतच्या वैद्यकीय कागदावर फुप्फुसांची ताकद एक्क्याऐंशी टक्के लिहिलेली होती आणि खाली शेरा होता: ‘टाकीत उतरण्यास पात्र.’

तो कागद आमच्या प्रोग्रॅममधून निघालेला होता.

मी शलाका. मूळची पुण्याची, आता इकडे कानडी मुलखात, मारतहळ्ळीत अकरा माणसांच्या एका कंपनीत काम करते. आम्ही ‘फुंकर’ नावाचा प्रोग्रॅम बनवतो. कामगार एका नळीत जोरात फुंकतो, नळी कॉम्प्युटरला जोडलेली असते, फुप्फुसांची ताकद टक्क्यांत नोंदली जाते. ऐंशीच्या वर पात्र, खाली अपात्र. हा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवरच बसवायचा असतो, कारण आनेकलच्या बाजूला इंटरनेटचा भरवसा नाही. नोंदी आधी तिथंच साठतात, मग आमच्याकडे येतात.

पोलिसांनी आमच्याकडे बसवंतच्या कागदाचा इतिहास मागितला. मी काढून दिला. मंगळवारी तपासनीस आसावरी घुगरे यांच्या नावाने नोंद झाली होती: एक्कावन्न. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, त्याच नावाने आणि त्याच पासवर्डने, पाचाचा आठ झाला होता.

“कुठल्या कॉम्प्युटरवरून?” पोलिसांनी विचारलं.

कॉम्प्युटरचं नाव आणि नेटवर्कचा पत्ता नोंदवणं आम्ही वकिलाच्या सल्ल्याने दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. एकच गोष्ट नोंदीत उरली होती: त्या कॉम्प्युटरवर विंडोजची कोणती आवृत्ती आहे. ते शोधणारा तुकडा माझ्याच हातचा. काही आवृत्त्यांवर नळी नीट चालत नसे, तक्रारीचा फोन आला की आधी तेच विचारावं लागे, म्हणून मी तो लिहिला होता. गुरुवारच्या त्या नोंदीपुढे शब्द होता: ‘होम’.

आसावरी काम करायची त्या तपासणी केंद्रातले सगळे कॉम्प्युटर ‘प्रोफेशनल’ होते. होम आवृत्ती एकाच ठिकाणी होती, आसावरीच्या स्वतःच्या लॅपटॉपवर. उरलेले अहवाल ती घरी नेऊन पुरे करायची. मी हे सगळं दीड पानात लिहिलं, खाली सही केली आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिला अटक झाली.

अकरा दिवसांनी तिला जामीन मिळाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती आमच्या दारात उभी होती. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. पस्तिशीची, केस कसेतरी बांधलेले, हातात माझ्याच त्या दीड पानाची घडी.

“शलाका तुम्हीच ना?” ती म्हणाली. “तो माझा लॅपटॉप होता असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही तो बघितला होता का?”

मी बघितला नव्हता.

२

मी के. आर. पुरमला उमाकांत हुपरीकर यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मी काका म्हणते. विमानांचे भाग बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. काम एकच: मोडलेला भाग समोर यायचा आणि तो का मोडला हे शोधायचं.

आसावरीचा आवाज ऐकून ते व्हरांड्यात आले.

“आत या अम्मा,” ते म्हणाले. “शलाका, खुर्ची दे. स्वल्प पाणी दे.”

आसावरी बसली. पाणी तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. गुरुवारी तिचं डोकं दुखत होतं, म्हणून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती घरी आली होती. गोळी घेऊन झोपली ती सहाला उठली. घरी एकटीच होती. लॅपटॉप पिशवीतच होता.

“पासवर्ड कोणाला माहीत होता?” काकांनी विचारलं.

“केंद्रात सगळ्यांनाच. श्रीविद्या रिसेप्शनला असते, तिच्या वहीत सगळ्यांचे पासवर्ड असतात. डॉक्टरही तीच वही वापरतात.”

“आणि घरी?”

“घरी मल्हार, माझा नवरा. पण तो ऑफिसात होता. त्याच्याकडे ऑफिसचा लॅपटॉप असतो, त्यात बाहेरचं काही टाकता येत नाही.”

काका माझ्याकडे वळले. “तू काय म्हणतेस?”

मी काय म्हणणार? “काका, यंत्राने जे सांगितलं ते मी लिहिलं.”

“यंत्राने तुला काय सांगितलं आणि तू काय लिहिलंस, ते एकच आहे का, हे बघायला लागेल,” ते म्हणाले. “भाग मोडून आला की त्याच्यावरचा शिक्का वाचून आम्ही कधी गप्प बसलो नाही. चला, यांच्या घरी जाऊ.”

३

आसावरीचं घर मारतहळ्ळीत, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. दार मल्हारने उघडलं. उंच, नम्र, डोळ्यांखाली काळं. त्याने आमच्यासाठी चहा केला, आसावरीच्या खांद्यावर शाल टाकली. मला तो आवडला, हे मी लपवणार नाही.

आसावरीचा लॅपटॉप पोलिसांनी नेला होता. काकांनी त्याचं बिल मागितलं. तिने कपाटातून फाईल काढून ते दिलं. बिल इथल्याच दुकानाचं होतं. काकांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

“विंडोज अकरा, होम एसएल. हे एसएल काय?”

“सिंगल लँग्वेज,” मी म्हणाले. “होमचाच एक प्रकार. एकाच भाषेत चालतो. इथं विकतात त्यातल्या पुष्कळ लॅपटॉपवर तोच असतो. आम्ही दोन्हींना होमच म्हणतो.”

“सरी, बरं,” काका म्हणाले आणि बिल परत दिलं.

जेवणाच्या टेबलावर एक चंदेरी लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. त्याच्या वायरीची पिन दोन चपट्या पात्यांची. आपल्या सॉकेटमध्ये ती बसत नाही, म्हणून मध्ये पांढरा जोड लावला होता.

“ही पिन अशी कशी?” काकांनी सहज विचारलं.

“तिकडची आहे, काका. दोन वर्षं अमेरिकेत होतो प्रोजेक्टवर,” मल्हार म्हणाला.

“गुरुवारी तुम्ही ऑफिसात होतात?”

“हो. रिलीज होतं आमचं. रात्री आठला आलो. आलो तेव्हा ही झोपेतून उठून बसली होती.” तो आसावरीकडे बघून म्हणाला, “काका, तिने हे केलेलं नाही. मी लिहून द्यायला तयार आहे.”

तिने त्याचा हात धरला. मी दुसरीकडे पाहिलं.

४

शुक्रवारी मी रजा घेतली आणि आम्ही दोघं बसने आनेकलला गेलो.

बसवंतची बायको शिवलीला दोन खोल्यांच्या घरात सासूबरोबर राहत होती. तिला मराठी येत नाही, मला कन्नड कामापुरतंच येतं. काका बोलत होते आणि अधूनमधून मला सांगत होते.

“त्याला माहीत होतं,” ती म्हणाली. “फुंकायच्या मशीनवरची अक्का त्याला म्हणाली होती, तुझी छाती चांगली नाही, खाली उतरू नकोस, मी कागदावर तसंच लिहिलंय. घरी येऊन त्याने मला सांगितलं. मग शुक्रवारी कारखान्यात त्याला कागद दाखवला. त्यावर पास लिहिलेलं. तो हसला. म्हणाला, अक्काचं काहीतरी चुकलं असणार, मशीन थोडंच चुकतं.”

ती रडली नाही. तिने आम्हाला तिचा फोन नंबर दिला. म्हणाली, काही कळलं तर आधी मला सांगा, पेपरातून कळायला नको.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “जिला आकडा बदलायचा आहे, ती दोन दिवस आधी त्या माणसाला तोंडाने कशाला सांगेल?”

“मागून कोणी दबाव आणला असेल तर?”

“असेल. चल, केंद्रात जाऊ.”

केंद्राचे मालक डॉक्टर श्रीकांत आमच्याशी उभ्यानेच बोलले. कारखान्याचं काम त्यांच्याकडे चार वर्षं होतं आणि सात अपात्र निघाल्यावर कारखान्याचे लोक नाराज होते, हे त्यांनी नाकारलं नाही. “पण मी अपात्राचा पात्र करणार असतो तर माझ्या सहीने केलं असतं. मला कोण अडवणार होतं?” त्यांच्या टेबलावर सफरचंदाच्या खुणेचा लॅपटॉप होता. त्यावर आमचा प्रोग्रॅम चालतच नाही.

श्रीविद्याने स्वतःहून वही पुढे केली. पहिल्याच पानावर सहा नावं, सहा पासवर्ड. गुरुवारी दुपारभर ती काउंटरवर होती, तिच्यासमोर वीसेक पेशंट बसलेले. घरी तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. “आसावरी अक्का कधी कोणाचा आकडा बदलायची नाही,” ती हळूच म्हणाली. “एकदा माझ्या मामाला अपात्र केलं होतं तिने. मी महिनाभर बोलले नव्हते तिच्याशी.”

शेवटी कारखान्यातला सुरक्षा अधिकारी, अमित. तिशीतला, गोड बोलणारा, हिंदीत. त्याच्या टेबलावर कारखान्याचा लॅपटॉप होता, कडेला कंपनीची पट्टी चिकटवलेली. पट्टीवर आवृत्तीही छापलेली, मोठ्या कंपन्या घेतात ती ‘एंटरप्राइझ’. खिडकीतून टाक्यांची शेड दिसत होती. एका टाकीभोवती पोलिसांची फीत होती. बाकीच्या पाच चालू होत्या.

“मला जो कागद आला, तो मी मानला,” अमित म्हणाला. “मी डॉक्टर नाही. मॅडमबद्दल वाईट वाटतं. आधीच घरात एकाची नोकरी गेलेली, त्यात हे.”

आम्ही निघालो.

५

संध्याकाळी सहाला घरी पोचलो. काकांनी पायांवर पाणी घेतलं आणि खुर्चीत बसून मला म्हणाले, “ते तुझं आवृत्ती ओळखायचं मला समजावून सांग. प्रोग्रॅमला कसं कळतं, आपण कुठल्या विंडोजवर बसलोय ते?”

“आत एका जागी नाव लिहिलेलं असतं. पण त्या नावावर विसंबता येत नाही. अकरा नंबरच्या विंडोजवरही तिथं ‘विंडोज दहा’ असंच लिहिलेलं सापडतं. म्हणून मी नाव वाचत नाही. थेट सिस्टिमला विचारते, ती एक आकडा देते. प्रोफेशनलचा अठ्ठेचाळीस, एंटरप्राइझचा चार, असं. मग आमचा प्रोग्रॅम त्या आकड्याचा शब्द करून दाखवतो.”

“म्हणजे सिस्टिमने सांगितला तो आकडा. ‘होम’ हा शब्द तुझा.”

“माझा,” मी म्हणाले.

“होमचा आकडा काय?” काकांनी विचारलं.

“साध्या होमचा एकशे एक.”

“आणि एसएलचा?”

“शंभर. मी दोन्हींना एकच शब्द दिला होता. स्क्रीनवर जागा कमी होती, म्हणून.”

“आकडा कुठं ठेवलाय की फेकून दिलाय?”

आकडा ठेवलेला होता, नोंदीच्या आतल्या बाजूला, जिथं सहसा कोणी बघत नाही. मी लॅपटॉप उघडून आमच्या साठ्यात गेले. आधी आसावरीच्या जुन्या नोंदी काढल्या, तिने घरून पुऱ्या केलेल्या. दीड वर्षाच्या, दोनशेहून जास्त. प्रत्येकीपुढे शंभर. एकही वेगळी नाही.

मग बसवंतची गुरुवारची नोंद उघडली.

एकशे एक.

तिच्या लॅपटॉपवरून ते झालेलं नव्हतं. अकरा दिवस ती बाई कोठडीत होती, माझ्या एका शब्दामुळे. मी आकडा पाहायला हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं.

“रडायचं नंतर,” काका म्हणाले. त्यांच्या आवाजात कठोरपणा नव्हता, पण त्यांनी मला वेळही दिला नाही. “कोणाकोणाचा तो असू शकत नाही, सांग.”

“केंद्राचे सगळे अठ्ठेचाळीस. डॉक्टरांच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम चालत नाही. श्रीविद्याकडे घरी काही नाही आणि ती काउंटरवर होती. अमितचा चार.”

“आता साधा होम, एसएल नसलेला, असा लॅपटॉप आपण कुठे बघितला?”

“बघून कसं कळेल, काका? इथंही काही लॅपटॉप साध्या होमचे मिळतात.”

“मिळत असतील. पण परदेशातून आणलेला असेल तर शक्यता जास्त, हो ना? चपट्या पिनेचा.”

मी म्हणाले, “मल्हारचा? पण तो ऑफिसात होता. त्याला ऑफिसचा लॅपटॉप असतो.”

“मग तो टेबलावर का नव्हता? ऑफिसचा लॅपटॉप मिळालेला माणूस, आणि चार्जिंगला लावलाय स्वतःचा जुना. बरं, तेही सोड. आज अमित काय म्हणाला? आधीच घरात एकाची नोकरी गेलेली.”

“आसावरीचीच ना, केंद्राने तिला घरी बसवलं...”

“आधीच, म्हणाला तो. अटकेच्या आधी. कोणाची? आसावरी म्हणते नवरा ऑफिसात जातो. तिला जे माहीत नाही ते त्या कारखान्यातल्या माणसाला माहीत आहे. कोणी सांगितलं असेल त्याला?”

“मल्हारने,” मी म्हणाले.

“खात्री नाही अजून,” काका म्हणाले. “तो लॅपटॉप उघडून आकडा बघेपर्यंत आपण कोणाचं नाव घ्यायचं नाही. तू एकदा घेऊन बसलीस, तेवढं पुरे.”

६

शनिवारी सकाळी सव्वानऊला आम्ही मारतहळ्ळीत होतो. आसावरीला मी शंभर आणि एकशे एक समजावून सांगितलं. ती एकदम उभी राहिली. “म्हणजे माझा नव्हता! मल्हार, ऐकलंस? माझा नव्हता!”

मल्हार स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने मान हलवली.

काका म्हणाले, “घरातला दुसरा लॅपटॉप एकदा तपासला की पोलिसांना शंका राहणार नाही. तुमची हरकत नाही ना?”

“त्यात ‘फुंकर’ नाहीच आहे,” आसावरीच म्हणाली. “मी त्यावर कधी काम केलेलं नाही.” आणि तिने तो चंदेरी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मल्हारने काही म्हणायच्या आत तिने तो उघडला होता. त्याचा पासवर्ड तिला माहीत होता. त्यांच्या लग्नाची तारीख.

मी पेनड्राइव्हवरून माझा छोटा प्रोग्रॅम चालवला. काळ्या चौकटीत एकच आकडा आला. एकशे एक.

आसावरीने आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिने शोधायच्या जागेत आमच्या प्रोग्रॅमचं नाव टाकलं. ‘फुंकर’ उघडला. पहिल्या चौकटीत नाव आधीच भरलेलं होतं. तिचं.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

“फेब्रुवारीत काढलं मला,” मल्हार म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. “चाळीस जणांना एकदम. लॅपटॉप तिथल्या तिथं काढून घेतला. मला वाटलं, महिन्याभरात मिळेल दुसरी, तोपर्यंत तुला कशाला... रोज निघायचो, मॉलमध्ये बसायचो. तुला केंद्रातून आणायला यायचो तेव्हा कामगारांना घेऊन येणाऱ्या अमितशी ओळख झाली होती. त्याने त्यांच्या ग्रुपमध्ये काम देतो म्हणून सांगितलं. सुरक्षेचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायचं. मग गुरुवारी त्याचा फोन आला. म्हणाला, कागद अडकलेत, शनिवारी टाक्या धुतल्या नाहीत तर लाइन बंद पडेल, वरचे मलाच विचारतील. तुझ्याकडे तिचा पासवर्ड आहे.”

“तू मला फोन करून विचारू शकला असतास,” आसावरी म्हणाली. “ते का अपात्र आहेत, एवढं तरी.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“हो.”

“मास्क असतात ना त्यांना. मला वाटलं एक आकडा आहे. त्याने काय होणार.” तो खुर्चीत बसला. “तुला नेलं तेव्हा मी सांगणार होतो. रोज सांगणार होतो.”

आसावरीने लॅपटॉप मिटला. तिचा आवाज अगदी साधा होता, केंद्रात पेशंटला नाव विचारावं तसा.

“कागद अडकलेत, म्हणालास. किती कागद?”



पोलिसांनी बसवंतचा कागद मागितला होता, मी बसवंतचाच दिला होता. दुसरीकडे पाहिलंच नव्हतं. मी माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन संपूर्ण साठ्यात त्या केंद्राच्या नोंदी लावल्या आणि एकशे एक शोधलं.

सात. गुरुवारी चार वाजून दहा ते चार वाजून एकवीस. सातही जणांच्या आकड्यांच्या सुरुवातीला आठ.

“मी त्यांना अपात्र लिहिलं होतं,” आसावरी म्हणाली. “ते वरच काम करतायत असं धरून होते मी.” मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. “आज शनिवार आहे.”

७

मारतहळ्ळीहून आनेकलला दीड तास लागतो. कारखान्याचा फोन लागला तर तिथल्या माणसाने सांगितलं, सगळ्यांचे कागद पात्र आहेत, तुम्ही कोण? पोलिसांनी गाडी पाठवतो म्हणून सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही.

“शिवलीला,” काका म्हणाले. “तिचं घर फाटकापासून दहा मिनिटांवर आहे.”

मी नंबर लावला. आसावरीने फोन माझ्या हातातून घेतला आणि कन्नडमध्ये बोलायला लागली. आपण कोण ते सांगितलं. पलीकडे एवढा वेळ शांतता होती की मला वाटलं फोन बंद झाला. मग आसावरी पुन्हा बोलली, आणि यावेळी मला कळलं. ती म्हणत होती, सहा जण आहेत, बसवंतसारखेच.

शिवलीला पळत निघाली असावी. फोन चालूच होता. तिच्या धापा ऐकू येत होत्या, चपलांचा आवाज, कुत्र्याचं भुंकणं. मग फाटकावरचा रखवालदार. मग तिने ओरडायला सुरुवात केली. ती वाचायला शिकलेली नव्हती. आसावरी इकडून एक नाव म्हणायची, ती तिकडून तेच नाव हाक मारून म्हणायची.

“मुनिराजू!”

“मुनिराजू! वर ये! खाली जाऊ नको!”

“चिक्कण्णा!”

माणसं जमत असल्याचं कळत होतं. कोणीतरी तिला गप्प बसवत होतं. ती गप्प बसली नाही. तिच्या नवऱ्याला तिथून बाहेर आणलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तिला ढकलायची हिंमत कोणाची झाली नाही. एकेक जण फाटकाकडे येऊ लागला. पाच जण आले. सहावा रुद्रेश, तो टाकीत उतरलेला होता.

आसावरी टेबलाची कड धरून उभी होती. मल्हार तिथंच खुर्चीत होता, त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. फोनमधून नुसता गोंगाट येत होता, लोखंडी शिडीवर पाय वाजल्यासारखा, कोणीतरी खोकत होतं, खूप खोकत होतं. मग शिवलीलाचा आवाज आला. एकच शब्द. “बंद.” कन्नडमध्ये म्हणजे ‘आला’.

आसावरीने फोन टेबलावर ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन उलटी केली.

मल्हारने त्याच दिवशी दुपारी पोलिसांत जबाब दिला. काका त्याच्याबरोबर रिक्षाने गेले. अमितला आठवड्याने धरलं. आधी त्याने सगळं मल्हारवर ढकललं, पण त्याच्या फोनमध्ये सात नावांची यादी सापडली, मल्हारला पाठवलेली. मी नवं दीड पान लिहिलं, माझी चूक काय झाली ते त्यात लिहिलं आणि सही केली. तरी आसावरीवरचा गुन्हा मागे घ्यायला तीन महिने गेले.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “तुम्ही शोधून काढलंत, हे मी विसरणार नाही. आणि तुम्ही आधी बघितलं नव्हतं, हेही विसरणार नाही.” मला ते बरोबर वाटलं.

ती आता के. आर. पुरमच्या एका केंद्रात काम करते, एकटी राहते, आणि कधीकधी रविवारी काकांकडे येते. गेल्या महिन्यात आली तेव्हा म्हणाली, रुद्रेश आला होता. त्या कारखान्याने अपात्र सहाही जणांना कामावरून कमी केलं. वरचं काम नाही म्हणाले. रुद्रेशला होसकोटेकडच्या दुसऱ्या कारखान्यात घेत होते, पण पास झालेला कागद हवा होता. तो मुद्दाम तिचं केंद्र शोधत आला होता. नळीत फुंकण्याआधी तिला म्हणाला, अक्का, तू मला वर काढलंस. आता एवढं कर. घरी चार माणसं आहेत.

“मग?” मी विचारलं.

“फुंकला. एकोणपन्नास आले.”

“तुम्ही काय लिहिलंत?”

“एकोणपन्नास,” आसावरी म्हणाली. “त्याने कागद घेतला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. मी दारापर्यंत गेले त्याच्या मागे, पण बोलणार काय होते?”